स्वतंत्र भयपट आणि भयकथा, दोन्ही करून पोट भरतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: भयकथांचा एक संग्रह छापून झाला आहे, एक लघुपट महोत्सवांत दाखवून झाला आहे आणि एक लघुकादंबरी लिहून तयार आहे. नोकरी चालू आहे. आता त्या लघुकादंबरीवर स्वतःच पूर्ण लांबीचा भयपट करायचा आहे. आधी पुस्तक काढावं की आधी सिनेमा? पैसा उभा कसा राहतो? या दोन्हींवर माणूस जगू शकतो का? शिवाय एका निर्मात्याने त्या लघुकादंबरीचे ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ मागितले आहेत आणि दिग्दर्शन ‘शक्य झाल्यास’ तुम्हालाच देऊ, असं तो म्हणतो. सही करावी का?

मी बरीच वर्षं ही दोन्ही कामं करतो आहे. एका हाताने लिहायचं, दुसऱ्या हाताने शूट करायचं आणि मधल्या काळात दुसऱ्यांच्या फिल्म संकलित करायच्या, असं चालतं. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पोटाचं बोलू. जगता येतं, पण एखाद्या सिनेमाच्या कमाईवर नाही. जगता येतं ते साठत गेलेल्या कामावर: चार-सहा पुस्तकं, दोन-तीन सिनेमे, त्यांचे वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या माध्यमांत विकलेले हक्क, आणि सोबत एखादं असं काम ज्यातून दर महिन्याला काहीतरी येत राहतं. या क्षेत्रात ज्यांची नावं आदराने घेतली जातात त्यांचं सुरुवातीचं आयुष्य पाहा. जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि छोट्या फिल्म बनवत होते. मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठीही रोमेरोने काम केलं होतं. 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ उभा राहिला तो त्या धंद्यातून हाताशी आलेल्या कॅमेऱ्यावर, दिव्यांवर आणि माणसांवर. हर्क हार्वे हा कॅन्ससमध्ये शाळा-कारखान्यांसाठी शैक्षणिक आणि औद्योगिक फिल्म करणाऱ्या कंपनीत दिग्दर्शक होता. सॉल्ट लेक सिटीजवळून जाताना सॉल्टेअर इथला ओसाड पडलेला करमणूक-मंडप त्याच्या नजरेस पडला. आल्यावर त्याने कंपनीतल्याच लेखकाला त्याभोवती गोष्ट लिहायला सांगितली, रजा काढली आणि ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ करून टाकला. तो 1962 साली आला, वितरणात गडगडला आणि हार्वे आपल्या कामावर परतला. पुन्हा त्याने कथापट केला नाही. 1989 मध्ये सिनेमा नव्याने प्रदर्शित झाला तेव्हा कुठे त्याला मान मिळाला. ही गोष्ट काहींना उदास वाटते, मला वाटत नाही. नोकरी होती म्हणून सिनेमा झाला आणि सिनेमा पडला तरी माणूस रस्त्यावर आला नाही.

तेव्हा नोकरी सोडू नका. बदलायचीच असेल तर अशी धरा जिचं कौशल्य तुमच्या सिनेमात फुकट वापरता येईल. संकलन, ध्वनी, रंगभूषा, यांपैकी काहीही चालेल. डेमियन लिओन हा स्वतः रंगभूषेचे परिणाम करणारा माणूस आहे. त्याचा आर्ट नावाचा विदूषक 2008 च्या एका लघुपटात पहिल्यांदा दिसला, मग 2011 च्या दुसऱ्या लघुपटात, मग अनेक छोट्या गोष्टी एकत्र बांधलेल्या 2013 च्या सिनेमात, आणि मग कुठे ‘टेरिफायर’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा झाला. 2022 चा दुसरा भाग लोकवर्गणीच्या जोरावर झाला. त्या मोहिमेत दोन लाख डॉलरांहून जास्त जमले आणि सिनेमाने त्याच्या कितीतरी पट कमावले. लोकांना आठवतो तो 2022 चा धमाका, पण मधली चौदा वर्षं तोच चेहरा, तोच रंग, तोच माणूस स्वतःच्या हाताने घडवत होता. वर्गणी देणारे आधीपासून जमलेले होते. मोहीम सुरू केल्यावर माणसं शोधायला निघालात तर पैसे येत नाहीत.

आता आधी पुस्तक की आधी सिनेमा. माझं उत्तर ठाम आहे: आधी पुस्तक. बहुतेक सल्लागार उलट सांगतील, कारण सिनेमाला झगमगाट आहे. माझी कारणं व्यवहारातली आहेत.

पुस्तक छापून आलं की गोष्ट कोणाची, हे कागदावर ठरतं. पुढे सिनेमाचं काहीही होवो, सिनेमा हा त्या गोष्टीवर आधारलेली एक कृती राहतो आणि मूळ गोष्ट तुमच्याकडे राहते. दुसरं कारण, पुस्तकात तुम्हाला शेवट बदलायला लावणारं फारसं कोणी नसतं. ‘द एक्सॉर्सिस्ट’ या कादंबरीचा लेखक विल्यम पीटर ब्लॅटी याचं उदाहरण घ्या. ‘लीजन’ ही कादंबरी त्याने 1983 मध्ये लिहिली आणि 1990 मध्ये तिच्यावर स्वतःच सिनेमा दिग्दर्शित केला. स्टुडिओने त्याला ‘द एक्सॉर्सिस्ट 3’ हे नाव दिलं आणि मूळ कथेत नसलेला भूत उतरवण्याचा विधी शेवटी घालायला लावला. सिनेमात ते ठिगळ आजही दिसतं. कादंबरी मात्र ब्लॅटीला हवी होती तशीच आहे. लेखक-दिग्दर्शकाला पुस्तकाचा हा मोठा आधार असतो: पडद्यावर काहीही घडलं तरी तुमची आवृत्ती शिल्लक राहते.

क्लाइव्ह बार्कर या भयकथालेखकाने तर सिनेमाकडे मोर्चा वळवला तोच चिडून. आपल्या लिखाणावर दुसऱ्यांनी केलेले दोन सिनेमे त्याला अजिबात पटले नाहीत. मग त्याने ‘द हेलबाउंड हार्ट’ ही लघुकादंबरी लिहिली आणि 1987 मध्ये तिच्यावर ‘हेलरेझर’ स्वतः दिग्दर्शित केला. तुम्ही जो मार्ग धरू पाहता आहात तो नेमका हाच आहे. त्या मार्गावरचा खड्डाही बार्करच्याच गोष्टीत आहे, त्याकडे हक्कांच्या भागात येतो.

लघुकादंबरी हा भयपटासाठी उत्तम साचा आहे. जाड कादंबरीची पटकथा करताना कापाकापीतच जीव जातो. तीस-चाळीस हजार शब्दांत एक जागा, तीन-चार माणसं आणि एकच वाढत जाणारं संकट मावतं, आणि नव्वद मिनिटांच्या सिनेमाला तेवढं पुरतं. फक्त पटकथेच्या पानांचा हिशेब भयपटात फसवा असतो हे ध्यानात ठेवा. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा संवादांच्या सिनेमाला लागू पडतो. भयपटात ‘ती जिना चढते’ ही एक ओळ पडद्यावर चाळीस सेकंद खाते. पंचाण्णव पानांची पटकथा घेऊन उतरलात तर दोन तासांचा सिनेमा हातात येईल आणि संकलनाच्या टेबलावर चांगले प्रसंग कापावे लागतील. मी ऐंशी पानांच्या वर जात नाही.

गद्यातली भीती आणि पडद्यावरची भीती यांचं यंत्र वेगळं आहे. गद्यात वेळ वाचकाच्या हातात असतो. तो थांबतो, मागे जातो, पुस्तक मिटून दिवा लावतो. म्हणून गद्यातली भीती मनात शिरून, संशय पेरून काम करते. निवेदक खरं बोलतो आहे का, हा एकच प्रश्न तीस पानं ओढू शकतो. पडद्यावर वेळ तुमच्या हातात आणि प्रेक्षक ओलीस. तिथे चौकटीच्या कडा, आवाज आणि वाट पाहायला लावणं ही हत्यारं. तुमच्या लघुकादंबरीतली सगळ्यात परिणामकारक वाक्यं बहुतेक कोणाच्या तरी मनातली असतील. ती निवेदनाच्या आवाजात टाकून सुटका करून घेऊ नका. त्या वाक्याने जे केलं ते दुसऱ्या कशाने होईल का हे शोधा: एखादी वस्तू जागेवरून हलली आहे, एखादा माणूस उत्तर द्यायला अर्धा सेकंद जास्त घेतो आहे.

या बाबतीत मी नवख्यांना व्हॅल ल्यूटनचे सिनेमे बघायला सांगतो. हा निर्माता स्वतः कादंबऱ्या लिहिणारा, आणि आपल्या सिनेमांच्या पटकथांवर शेवटचा हात तोच फिरवायचा. स्टुडिओ त्याला भडक नावं आणि तुटपुंजा पैसा द्यायचा, बाकी त्याचं त्याने बघायचं. 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे पावलं वाजत होती ती थांबली आहेत, आणि अचानक फिस्सकन आवाज येतो. ती बस असते. श्वापद दिसतच नाही. पैसा नव्हता म्हणून दाखवलं नाही, हे अर्धं खरं. पैसा असता तरी त्या लेखकाने दाखवलं नसतं असं मला वाटतं.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण स्वतंत्र भयपट सगळ्यात जास्त आवाजात मार खातात. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: ‘हॅलोविन’ पूर्ण होण्याआधी, संगीत आणि ध्वनिपरिणाम नसताना त्याने तो एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला आणि त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच थोड्या दिवसांत संगीत केलं. चित्र तेच, पण सिनेमा बदलला. कॅमेऱ्यावर पैसे उधळून ध्वनिमुद्रकाला ‘बघू जमलं तर’ म्हणणारे लोक मी दर वर्षी बघतो. अंधुक, कणकण दिसणारं चित्र भयपटात खपून जातं, उलट शोभून दिसतं. काइल एडवर्ड बॉलने ‘स्किनमरिंक’ साधारण पंधरा हजार डॉलरांत, ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला त्याच घरात केला. चित्र जाणूनबुजून मळकं आणि कोपऱ्यांकडे वळलेलं होतं, तरी लोक चित्रपटगृहात जाऊन बघून आले. पुसट संवाद मात्र कोणी माफ करत नाही. प्रेक्षक ‘काय म्हणाली?’ असं शेजाऱ्याला विचारतो त्या क्षणी भीती गेली.

म्हणून प्रत्येक खोलीत चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसती खोलीची शांतता मुद्रित करा. युनिट वैतागेल. संकलनात एखाद्या शांत क्षणाखाली तीच शांतता लागते, आणि ती नंतर कुठूनही आणता येत नाही. शांततेलाही प्रत्येक जागी वेगळा पोत असतो.

चित्रीकरणाच्या चार व्यावहारिक गोष्टी, ज्या पुस्तकांत सहसा नसतात. रात्रीचं शूट दिवसाच्या शूटपेक्षा हळू चालतं. मध्यरात्रीनंतर माणसं दमतात, चुका वाढतात, आणि पहाट कोणासाठी थांबत नाही. घरातले रात्रीचे प्रसंग खिडक्या काळ्या कापडाने झाकून दिवसा घ्या आणि खरी रात्र फक्त बाहेरच्या दृश्यांसाठी राखा. रक्त असलेल्या प्रत्येक प्रसंगासाठी कपड्यांचे किमान तीन जोड हवेत, कारण पहिल्या टेकला रक्त उडालं की तो जोड संपला. त्या जागेतले रक्ताचे प्रसंग सगळ्यात शेवटी ठेवा, भिंती पुसत बसायला वेळ नसतो. मोठी रंगभूषा करायला तीन-चार तास सहज लागतात, उतरवायला तास-दीड तास. म्हणजे त्या नटाच्या बारा तासांच्या दिवसात कॅमेऱ्यासमोर जेमतेम सहा-सात तास उरतात. वेळापत्रकात हे न धरल्याने बुडालेले सिनेमे मला माहीत आहेत. आणि किंचाळ्या दिवसाच्या शेवटी घ्या. सकाळी घसा फोडून किंचाळलेली नटी दुपारी संवाद बोलू शकत नाही. शक्य असेल तर सेटवर अर्ध्या आवाजात आणि खरी किंचाळी नंतर स्टुडिओत.

पाण्याखालचे, उंचीवरचे, आगीचे, शस्त्राचे प्रसंग माहितगार माणसाशिवाय करायचे नाहीत. इथे काटकसर नाही. विषय संपला.

पैशाकडे येऊ. लघुपट घेऊन गुंतवणूकदारांकडे जाणं हा जुना आणि अजून चालणारा मार्ग आहे. सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी 1978 मध्ये सुपर 8 या हौशी लोकांच्या स्वस्त फिल्मवर साधारण अर्ध्या तासाचा ‘विदिन द वुड्स’ केला तो त्यासाठीच. त्यांना लोकांना दाखवायचं होतं की आम्हाला हे जमतं. त्यावर त्यांनी ‘द ईव्हिल डेड’साठी पैसे गोळा केले, तेही ओळखीपाळखीतून, थोडेथोडे करून. तुमचा लघुपट महोत्सवांत गेला आहे ही चांगली गोष्ट, पण गुंतवणूकदाराला तो दाखवण्याआधी स्वतःला विचारा: हा लघुपट त्याच जातीच्या भीतीचा आहे का, जी मोठ्या सिनेमात असणार आहे? हळव्या भूतकथेचा लघुपट दाखवून रक्तबंबाळ सिनेमासाठी पैसे मागणारे गोंधळ उडवतात.

पैसे बुडाले तर ज्यांच्या घरात चूल पेटणार नाही, अशांकडून ते घेऊ नका. प्रत्येकाला लेखी सांगा की ही रक्कम परत येण्याची शक्यता कमी आहे. हे वाक्य लिहायला जीवावर येतं, पण त्यानेच मैत्र्या टिकतात.

जमलेल्या पैशांचे भाग करताना निदान तिसरा हिस्सा चित्रीकरणानंतरच्या कामांसाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. संकलन, ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती यांच्यापलीकडेही एक खर्च असतो ज्याचं नाव नवख्याने ऐकलेलं नसतं: डिलिव्हरी. वितरक सिनेमा घेतो तेव्हा फाइलसोबत बरंच काही मागतो. परदेशी डबिंगसाठी संवाद वगळून संगीत आणि परिणामांची वेगळी ध्वनिपट्टी, तांत्रिक तपासणीचा अहवाल, उपशीर्षकं, वापरलेल्या प्रत्येक संगीताच्या तुकड्याची यादी, सेटवरची चांगली छायाचित्रं, प्रत्येक नट-तंत्रज्ञाचा सही केलेला करार, गोष्टीच्या मालकीची सलग कागदपत्रं, आणि बऱ्याचदा चुका-त्रुटींच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा. यातली छायाचित्रं लोक हमखास विसरतात. नंतर पोस्टर करायला बसलं की सिनेमातून उचललेलं धुरकट चित्र तेवढं हाताशी असतं, आणि भयपट विकला जातो पोस्टरवर.

कमी खर्चाच्या भयपटांच्या दंतकथा गुंतवणूकदारांना ऐकवताना जपून. ओरेन पेली हा संगणक प्रोग्रामर. त्याने स्वतःच्या घरात आठवडाभरात, साधारण पंधरा हजार डॉलरांत ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ शूट केला आणि जगभरात 19 कोटी डॉलरांच्या वर धंदा झाला, हे सगळे सांगतात. चित्रीकरण 2006 चं, महोत्सवात पहिला खेळ 2007 मध्ये आणि चित्रपटगृहांत प्रदर्शन 2009 मध्ये, हे सांगायचं राहतं. मधल्या काळात सिनेमा एका स्टुडिओकडे पडून होता आणि विचार चालला होता तो हीच गोष्ट नव्याने, मोठ्या खर्चात करण्याचा. शेवटही बदलला गेला. आणि ते पंधरा हजार म्हणजे फक्त शूटचा खर्च. प्रसिद्धीवर स्टुडिओने जे ओतलं ते वेगळं.

तिकीटखिडकीचा पैसा तुमच्यापर्यंत कसा पाझरतो ते एकदा कागदावर मांडून बघा. समजण्यापुरते आकडे घेऊ. तिकिटांचे 100 आले. चित्रपटगृहाने अर्धे ठेवले, उरले 50. वितरकाचं कमिशन तीस टक्के, म्हणजे 15, उरले 35. मग त्याने केलेला प्रसिद्धीचा खर्च वजा, समजा 20, उरले 15. मधे विक्री-प्रतिनिधी, म्हणजे वितरकांना सिनेमा विकून देणारा माणूस, असेल तर त्याचे वीस टक्के म्हणजे 3, उरले 12. त्यातून आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल, आणि मग तुम्ही. या साखळीत तुमच्या नियंत्रणात एकच कडी असते: खर्चाची. म्हणून करारात खर्चाला कमाल मर्यादा घाला, हिशेब तपासण्याचा हक्क लिहून घ्या, आणि तुमच्या सिनेमाचा खर्च त्याच वितरकाच्या दुसऱ्या सिनेमाच्या नुकसानीत मिसळणार नाही हे स्पष्ट लिहा. माझ्या एका सिनेमाच्या हिशेबात मी कधी न गेलेल्या महोत्सवाचा प्रवासखर्च निघाला होता. तपासणीचं कलम होतं म्हणून तो वजा झाला.

महोत्सवांबद्दल थोडक्यात. भयपटांचं स्वतःचं जग आहे आणि ते उदार आहे. स्पेनमधला सित्गेस 1968 पासून चालू आहे, माँट्रियालचा फँटेशिया, कोरियातला बुचॉन, लंडनचा फ्राइटफेस्ट, ऑस्टिनचा फँटास्टिक फेस्ट. यांपैकी एखाद्यात निवड झाली तर विक्री-प्रतिनिधी आपण होऊन मेल करतात. पहिलं जागतिक प्रदर्शन एकदाच होतं, तेव्हा ते कुठल्या तरी अनोळखी ऑनलाइन महोत्सवात उडवून टाकू नका. प्रवेशशुल्क भरून शंभर ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा दहा नीट निवडा.

लेखक म्हणून काय चालू ठेवायचं? सिनेमाला तीन-चार वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात वाचक तुम्हाला विसरतो. कथा चालू ठेवा. संपादित संग्रहांत जाणारी एकेक कथा पैशाने किरकोळ असते, पण प्रत्येक संग्रह दुसऱ्या लेखकांचे वाचक तुमच्याकडे घेऊन येतो. ध्वनिपुस्तकाचे हक्क छापील पुस्तकाच्या करारात सहज जाऊ देऊ नका. भयकथा ऐकायला बसणारा श्रोतृवर्ग मोठा आहे. वाचकांचे ईमेल पत्ते स्वतःकडे गोळा करा, कारण समाजमाध्यमांवरचे अनुयायी त्या कंपनीचे असतात.

दुसऱ्याच्या कथेवर लघुपट करायचा मोह झाला तर आधी लेखी परवानगी घ्या. भयकादंबऱ्यांचा लेखक स्टीफन किंग याने बरीच वर्षं नवोदितांना आपल्या कथा एका डॉलरला लघुपटासाठी दिल्या. पुढे नावाजलेला दिग्दर्शक झालेल्या फ्रँक डॅराबाँटचा 1983 चा लघुपट त्यातूनच आला. पण त्या फिल्म विकायला मनाई होती. ती योजना 2023 अखेरीस बंदही झाली. परवानगीशिवाय केलेला लघुपट उत्तम झाला तर जास्तच पंचाईत, कारण तो कुठे दाखवता येत नाही.

आता हक्क, आणि तो निर्माता.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव प्रदर्शनाआधी बदललं गेलं आणि नव्या शीर्षकाच्या पाटीवर प्रताधिकाराची ओळ घालायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की संरक्षण नाही. सिनेमा सार्वजनिक मालमत्ता झाला. कोणीही प्रती काढल्या, टीव्हीवर दाखवला, विकला. झाँबीपटांचा, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांच्या सिनेमांचा, अख्खा प्रकार ज्या सिनेमाने रुजवला, त्याच्याच बहुतेक कमाईत निर्मात्यांना वाटा मिळाला नाही. आज बर्न करार या प्रताधिकाराच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे ती ओळ नसली तरी प्रताधिकार मिळतो, पण सध्याचं संकट वेगळं आहे: ओळ असते, नाव दुसऱ्याचं असतं.

बार्करचा खड्डा तो हाच. ‘हेलरेझर’चे सिनेमे पुढे त्याच्याविना निघत राहिले. कायद्याची लढाई करून त्याने अमेरिकेतले हक्क परत मिळवले ते 2021 च्या शेवटी, म्हणजे पहिल्या सिनेमानंतर तीन दशकांहून अधिक काळाने. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा पटकथाकार व्हिक्टर मिलर यालाही 2021 मध्येच अपील न्यायालयाने कौल दिला. तो निर्मात्याचा नोकर नव्हता, स्वतंत्रपणे काम करणारा लेखक होता, म्हणून मूळ पटकथेचे अमेरिकेतले हक्क तो परत घेऊ शकतो. दोघांनाही वापरता आलं ते अमेरिकी कायद्यातलं पस्तीस वर्षांनी हक्कांतरण रद्द करण्याचं कलम. सगळ्या देशांत असं कलम नसतं, आणि असलं तरी पस्तीस वर्षं थांबणं ही काही योजना नव्हे.

तेव्हा ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’वर सही करू नका. ‘शक्य झाल्यास दिग्दर्शन’ याला कराराच्या भाषेत काही किंमत नाही. पण त्या माणसाला हाकलूनही देऊ नका, त्याला रस आहे हे खरं आहे. उलट प्रस्ताव पाठवा. अठरा महिन्यांसाठी गोष्ट राखून ठेवण्याचा हक्क, त्याचे पैसे आधी. मुदत एकदाच वाढवता येईल, त्याचे पैसे वेगळे. खरेदीची पूर्ण रक्कम मुख्य चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी. हक्क एका सिनेमापुरते. पुस्तक, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रकथा तुमच्याकडे. पुढच्या भागांसाठी आधी त्याच्याशी बोलणी करू एवढंच आश्वासन. दिग्दर्शक म्हणून तुमचं नाव करारात, आणि काढून टाकलं तरी दिग्दर्शनाचं मानधन पूर्ण. ठरावीक वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर सगळं आपोआप परत. यावर तो घासाघीस करेल. रकमेवर आणि मुदतीवर मागे सरका. परतीच्या कलमावर आणि पुस्तकाच्या हक्कांवर सरकू नका. या दोन्हींनाच त्याचा नकार असेल, तर तुमची गोष्ट त्याला सिनेमा करायला हवी आहे की नुसती कपाटात ठेवायला, ते कळलंच.

आणि हा प्रस्ताव पाठवण्याआधी तुमच्या कथासंग्रहाचा करार बाहेर काढून वाचा. छोटे प्रकाशक बऱ्याचदा एका ओळीत चित्रपटाचे हक्क किंवा त्यांतला वाटा घेऊन ठेवतात, कधी कधी ‘लेखकाच्या पुढील साहित्यकृतीवर प्रथम अधिकार’ असंही लिहिलेलं असतं. लघुकादंबरीतली पात्रं किंवा जागा त्या संग्रहातल्या एखाद्या कथेत आधी येऊन गेली असतील तर प्रकाशकाकडून लेखी ना-हरकत घ्या, आणि निर्मात्याला उत्तर त्यानंतरच द्या.